आयएमएफ डब्लिनला आलं त्या दिवशी मी लीट्रिमच्या साईटवर होतो

१८ नोव्हेंबर २०१०, गुरुवार. त्या काळात आयर्लंडमध्ये राहिलेल्या कोणालाही विचारा, हा दिवस लक्षात असतो. सकाळी रेडिओवर मॉर्निंग आयर्लंड हा बातम्यांचा कार्यक्रम चालू होता आणि सेंट्रल बँकेचे गव्हर्नर पॅट्रिक होनोहान यांनी फ्रँकफर्टहून फोन लावून सरळ सांगून टाकलं की हो, देशाला युरोप आणि आयएमएफकडून, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून, कर्ज घ्यावं लागणार आणि रक्कम अब्जावधी युरोंमध्ये असणार. चार-पाच दिवस आधीपर्यंत मंत्री टीव्हीवर येऊन असलं काही नाहीच म्हणत होते. आम्ही तेव्हा डब्लिनहून निघून किनेगडच्या आसपास होतो. गाडी माझा सिनियर चालवत होता, साठीला टेकलेला क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे बांधकामाच्या खर्चाचा हिशोब करणारा, सगळं आयुष्य बांधकामात गेलेलं. त्याने हात पुढे करून रेडिओ बंद केला आणि मुलिंगार येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

मी सिव्हिल इंजिनियर, पुण्याहून २००६ ला इथे आलो, म्हणजे तेजीच्या अगदी कळसाला. त्या वर्षी या देशात जवळपास ९०,००० घरं बांधून झाल्याची नोंद आहे. देशाची लोकसंख्या किती, तर बेचाळीस लाख, म्हणजे मुंबईच्या एका कोपऱ्यात मावतील एवढी माणसं. शेजारच्या सहा कोटींच्या ब्रिटनमध्ये तेव्हा वर्षाला दोन लाखांच्या आसपास घरं बनत होती, आता तुम्हीच हिशोब करा. दर सात-आठ कामकरी माणसांमागे एक बांधकामात. बँका घराच्या पूर्ण किमतीएवढं लोन द्यायच्या, चाळीस-चाळीस वर्षांचं. व्याजदर ठरायचा फ्रँकफर्टला, युरोच्या मध्यवर्ती बँकेत, जर्मनी-फ्रान्सची तब्येत बघून, आणि इथल्या तापलेल्या बाजाराला तो फारच स्वस्त पडायचा. पगार वाढत होते, घरात बसल्या बसल्या घराची किंमत वाढत होती, आणि हे थांबेल असं म्हणणाऱ्या एक-दोन अर्थतज्ज्ञांना लोक अपशकुनी समजायचे.

आम्ही चाललो होतो लीट्रिम काउंटीत, काउंटी म्हणजे इथला जिल्हा. हा देशातला सगळ्यात कमी वस्तीचा भाग, तळी, पाऊस, गुरं, आणि गेल्या दीडशे वर्षांत परदेशी निघून गेलेली माणसं. लोक परत यावेत म्हणून सरकारने १९९८ पासून इथे आणि शेजारच्या लाँगफर्ड, रॉसकॉमन वगैरे भागात अप्पर शॅनन रूरल रिन्युअल स्कीम आणली, घर बांधा आणि तो खर्च इन्कम टॅक्समधून वजा करा. हेतू चांगला होता, मी तो खोटा म्हणत नाही. पण झालं असं की डब्लिनचे गुंतवणूकदार टॅक्स वाचवायला म्हणून इथे घरं घ्यायला लागले, राहणार कोण हे विचारायची कोणाला गरजच उरली नाही. २०१० च्या सरकारी पाहणीत अर्धवट पडलेल्या इस्टेटी, म्हणजे घरांच्या वसाहती, मोजल्या तेव्हा आकडा आला २,८४६. लोक त्यांना घोस्ट इस्टेट म्हणायचे.

आमचं काम ठरलेलं. बिल्डरची कंपनी बुडालेली, कर्ज देणाऱ्याने रिसिव्हर, म्हणजे तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करणारा माणूस, नेमलेला, आणि रिसिव्हरला हवा होता रिपोर्ट, साईट सुरक्षित आहे का आणि उरलेलं काम पूर्ण करायला किती खर्च येईल.

साईटवर पोचलो तर साठच्या आसपास घरं, त्यातली राहती डझनभर. बाकीची काही पूर्ण पण रिकामी, काही टिंबर फ्रेम उभी करून तशीच सोडलेली, बाहेरून विटा लावायच्याच राहिल्या होत्या आणि लाकडावरचं मेम्ब्रेन फाटून वाऱ्यावर फडफडत होतं. रस्त्याचा शेवटचा थर टाकलाच नव्हता त्यामुळे मॅनहोल रस्त्याच्या वर चांगले चार-पाच इंच आलेले, काहींची झाकणं चोरीला गेलेली आणि त्यावर कोणीतरी प्लायवुड टाकून दगड ठेवलेला. स्ट्रीटलाईटचे खांब उभे, आत केबलच नाही. आणि एंट्रीला अजून मोठा रंगीत बोर्ड, त्यावर हसणारं कुटुंब आणि फोन नंबर.

मी हाय-व्हिज जॅकेट घालून फोटो काढत होतो तेवढ्यात एक बाई घरातून बाहेर आली, कडेवर लहान मूल. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही आयएमएफकडून आलात का?" ती चेष्टा करत नव्हती. आयएमएफच्या टीमचे प्रमुख अजय चोप्रा, भारतीय वंशाचे, त्यांचं नाव त्या दिवसांत बातम्यांत होतं, आणि तिच्या दारात कागद घेऊन उभा राहिलेला भारतीय माणूस म्हणजे मीच. मी सांगितलं, नाही हो, मी इंजिनियर आहे, साईट बघायला आलोय. ती म्हणाली, "मग आधी मागे चला, तिथलं बघा."

मागे होतं सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन. सगळ्या इस्टेटीचं सांडपाणी तिथल्या टाकीत जमा होऊन पंपाने वरच्या मेन लाईनला जायचं होतं. पॅनेल उघडून बघितलं तर वीजच नाही, बिल्डरच्या नावावरचं बिल थकलं म्हणून कनेक्शन तोडलेलं, त्याला महिने झाले होते. मग हे डझनभर लोक वर्गणी काढून टँकर बोलवून टाकी उपसून घेत होते. पण त्यातल्या दोन-तीन घरांत नोकरी गेलेली, वर्गणी जमेना, आणि या खेपेचा टँकर आलाच नव्हता. झाकण उचललं तर पाणी ओव्हरफ्लोच्या पाईपला जेमतेम वीतभर कमी. तो पाईप जात होता शेताच्या चरात, तिथून तळ्यात. बाईंनी हे घर २००७ ला घेतलं होतं, नवरा प्लास्टरिंग करायचा, तो आता ऑस्ट्रेलियात पर्थला, तिथून पैसे पाठवतो. घराची किंमत लोनच्या निम्मीही राहिली नव्हती, विकूनही सुटका नाही. हे सगळं तिने न रडता, हफ्त्याच्या आकड्यासकट सांगितलं.

मी रिसिव्हरच्या ऑफिसला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला राहती घरं विकली गेलीत, त्यांच्याशी आमचा संबंध नाही, तुम्ही फक्त रिपोर्ट द्या. आता कायद्याने बघायला गेलं तर घरांबद्दल त्याचं बरोबर होतं. पण सिनियरने मागच्या सीटवरून फाईल काढली, लँड रजिस्ट्रीचा नकाशा पसरला आणि बोट ठेवलं, पंपिंग स्टेशनचा तुकडा अजून बुडालेल्या कंपनीच्याच नावावर होता आणि तारणातही होता. म्हणजे टाकी रिसिव्हरची. मी परत फोन लावून सांगितलं की ही टाकी तुमच्या ताब्यातली मालमत्ता आहे, ती आज वाहिली तर १९७७ च्या जलप्रदूषण कायद्याखाली प्रश्न तुम्हाला विचारले जातील, आणि चारपर्यंत टँकर निघाल्याचा निरोप आला नाही तर काउंटी कौन्सिलच्या पर्यावरण विभागाला मी स्वतः कळवणार. हेच सगळं फोटोसकट ईमेलवरही टाकलं. असा सूर कामाच्या ठिकाणी मी आधी कधी लावला नव्हता, पण तिथे उभं राहिल्यावर दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

निरोपाची वाट बघत गाडीत बसलो तेव्हा सिनियर पहिल्यांदा मोकळं बोलला. म्हणाला, तुझ्या देशाने आयएमएफ बघितलंय ना, काय होतं रे नंतर? मी त्याला १९९१ सांगितलं. ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण, दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रुपया उतरवला, मग लायसन्सराज ढिलं केलं. तो लगेच म्हणाला, पण आमच्याकडे उतरवायला नोटच नाही. आणि खरंच तेच होतं. स्वतःचं चलन असतं तर ते उतरवून सगळ्या देशाची मजुरी एका रात्रीत बाहेरच्यांसाठी स्वस्त होते, युरोत ते जमत नाही, तिथे माणसांचे पगारच कापावे लागतात. त्याची बायको शिक्षिका, तिचा पगार तोपर्यंत दोनदा कापला गेला होता, एकदा पेन्शन लेव्ही म्हणून, एकदा थेट. आणि त्याला सगळ्यात लागलं होतं ते बँकांचं. ३० सप्टेंबर २००८ ला सरकारने सहा बँकांच्या सुमारे ४४० अब्ज युरोंच्या देण्यांना हमी दिली, देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त, आणि पुढे खरे पैसे भरले ते ६४ अब्जांच्या आसपास. "आम्ही त्या बँकांच्या संचालक मंडळावर नव्हतो," एवढंच तो परत परत म्हणत होता.

टँकर आला तेव्हा अंधार पडला होता. टाकी उपसेपर्यंत आम्ही थांबलो, पुढच्या आठवड्यात रिसिव्हरच्या नावावर वीज जोडून घेतली, पंप चालू झाला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दहा दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, ८५ अब्ज युरोंचं पॅकेज जाहीर झालं, त्यातले साडेसतरा अब्ज देशाच्या स्वतःच्याच गंगाजळीतले, म्हणजे पेन्शनसाठी साठवलेले वगैरे. किमान वेतन तासाला एक युरोने कमी केलं, नव्या सरकारने ते जुलै २०११ मध्ये परत जागेवर आणलं. बेकारी पंधरा टक्क्यांपर्यंत गेली, पोरं ऑस्ट्रेलिया-कॅनडाला निघून गेली. डिसेंबर २०१३ मध्ये देश त्या प्रोग्रॅममधून बाहेर पडला आणि जगभर कौतुक झालं. कौतुक योग्यच आहे, पण ते नेहमी निर्यात, कंपन्या आणि बॉण्डच्या व्याजाचं होतं. लीट्रिमच्या त्या बाईसाठी सुधारणा म्हणजे झाकण असलेलं मॅनहोल. २०११ मध्ये सरकारने अशा इस्टेटींच्या सुरक्षेसाठी ५० लाख युरो बाजूला काढले, आमच्या साईटवर झाकणं, कुंपण, दिवे त्यानंतर आले. रस्ता कौन्सिलने ताब्यात घ्यायला आणखी बरीच वर्षं गेली.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची सुधारणा बांधकामाच्या तपासणीची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. तेजीच्या काळात नियम कागदावर चांगले होते पण बिल्डरने नेमलेलाच माणूस बरोबर आहे म्हणून सही द्यायचा, आणि कौन्सिलचं उद्दिष्टच होतं शंभरातल्या बारा-पंधरा कामांची पाहणी. कोणी बघतच नव्हतं. उत्तर डब्लिनमध्ये तर भरावातल्या पायराइट नावाच्या खनिजामुळे घरांच्या जमिनी फुगून भिंतींना तडे गेले. १ मार्च २०१४ पासून प्रत्येक नव्या घराला असाईन्ड सर्टिफायर लागतो, टप्प्याटप्प्याने पाहणी करून स्वतःच्या नावाने कायदेशीर सर्टिफिकेट देणारा माणूस. आज मी तेच काम करतो. लोक म्हणतात यामुळे खर्च वाढतो, आता घरांची एवढी टंचाई असताना हे कशाला. २०१५ मध्ये स्वतःचं स्वतंत्र घर बांधणाऱ्यांना यातून बाहेर राहायची मुभाही दिली गेली. मला ती तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. घर बांधून घ्यायला कोणी मला भेटायला आलं की मी त्यांना सर्टिफायर नेमाच असं सांगतो, मी नको असेन तर दुसरा कोणीही घ्या म्हणतो.