हापूस ऑनलाइन विकताना काय काय करावं लागलं, माझा अनुभव

आमची बाग देवगड तालुक्यात, मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून माल नवी मुंबईच्या वाशी मार्केटलाच जायचा. पेट्या भरायच्या, ट्रकात चढवायच्या आणि मग दलालाची पट्टी येईपर्यंत वाट बघायची, पट्टीत जो भाव लिहिला असेल तो आपला. 2020 ला लॉकडाऊनमध्ये ऐन सीझनला वाशीचं मार्केट मध्येच बंद झालं, झाडावर फळ तयार आणि न्यायला कोणी नाही. तेव्हा मी म्हटलं आपणच मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या लोकांना विचारूया. सासरे म्हणाले, "आंबो बघल्याशिवाय कोण पैसे देतलो गो?" त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मी जे काही केलं ते सगळं त्या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी केलं.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसपासून केली. नवीन सिम घेतलं म्हणजे घरचे मेसेज आणि ऑर्डरी एकत्र होत नाहीत. कॅटलॉगमध्ये फळाच्या साइजप्रमाणे भाव टाकले, सोबत किती डझनाचा बॉक्स ते लिहिलं. पण सगळ्यात कामाला आली ती लेबलं. "विचारलंय", "पैसे आले", "पाठवलं", "पोचलं, फोन करायचाय" अशी लेबलं लावली की रात्री बसून कोणाचं काय राहिलंय ते लगेच कळतं, सीझनला दिवसभर मेसेज येतात आणि वहीत लिहायला वेळच नसतो.

ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची सोय, तिच्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, आणि एका लिस्टमध्ये 256 च नंबर बसतात. म्हणून मी प्रत्येक बॉक्समध्ये एक चिठ्ठी टाकते, आंबा कसा पिकवायचा त्याची, आणि खाली लिहिते की नंबर सेव्ह केलात तर पुढच्या वर्षी मोहोर आल्यापासूनची खबर मिळेल. इथल्याच एकाने कुठून तरी हजारो नंबरांची यादी विकत घेऊन सगळ्यांना मेसेज टाकले, लोकांनी रिपोर्ट केलं आणि सीझनच्या तोंडावर त्याचा नंबरच बंद झाला. अशा याद्या घेऊ नका, ज्याने मागितलं नाही त्याच्या मोबाईलमध्ये शिरू नका.

इन्स्टाग्रामवर रील्स मी नंतर चालू केले. पैसे देऊन बूस्ट पण करून बघितलं, लाइक भरपूर आले पण ते कुठून कुठून, जिथे आमचा बॉक्स पोचूच शकत नाही अशा गावांतून. चाललं ते साधं काम दाखवलेलं. झेल्याने, म्हणजे लांब काठीला जाळी लावलेली असते त्याने, आंबा देठासकट काढतात, मग देठ मोडून चीक खाली जाऊ देतात, कारण चीक सालीवर ओघळला की तिथे काळा डाग पडतो आणि पुढे फळ कुजायला लागतं. हे मी जवळून शूट केलं, मागे गाणं न लावता, गडी आपापसात मालवणीत बोलतायत तेच ठेवलं. त्यावर लोकांनी इतके प्रश्न विचारले! चौदा आणे तयार म्हणजे काय (सोळा आण्यांतले चौदा, पूर्ण तयार व्हायला थोडाच बाकी), बाहेरून हिरवा दिसतो तर तयार झालाय हे कसं ओळखता, कार्बाइड टाकता का. मी एकेकाला उत्तर दिलं, काहींना व्हॉइस नोट पाठवली. त्यातले बरेच जण पुढे गिऱ्हाईक झाले, माझ्या मते ते रील बघून नाही, तर उत्तर मिळालं म्हणून.

आंबा विकण्यात खरी गोम बॉक्स पोचल्यावर सुरू होते. शहरात लोकांना बॉक्स उघडल्या उघडल्या पिवळा आंबा हवा असतो, आणि आपण पाठवतो तयार पण कच्चा, गवतात घातलेला. मग दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, "ताई आंबे हिरवेच आहेत." आता मी बॉक्स निघाला की आधीच सांगते: पोचल्यावर झाकण उघडा, हवा लागू द्या, फ्रिजमध्ये ठेवू नका, रोज एकदा हात लावून बघा, जो मऊ लागेल आणि वास सुटलाय तो आधी खा. मग दोन-तीन दिवसांनी मीच विचारते, फोटो मागवते. फोटो बघून सांगता येतं की अजून एक दिवस थांबा किंवा आजच कापा. पुण्याच्या एक काकू रोज सकाळी फोटो पाठवायच्या, मी रोज सांगायचे, शेवटी त्यांनी स्वतःच त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझा नंबर टाकला आणि त्या एका सोसायटीतून इतक्या ऑर्डरी आल्या की ट्रॅव्हल्सने वेगळे बॉक्स पाठवण्यापेक्षा आम्ही टेम्पोच केला. बूस्टचे पैसे देऊन जे झालं नाही ते असं झालं.

आणि साका. हापूसमध्ये आतून गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो साका, बाहेरून अजिबात कळत नाही, कितीही अनुभवी माणूस असला तरी. हे मी लपवत नाही. ऑर्डर घेतानाच सांगते की साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या खेपेला भरून देईन. आमच्यातले काही म्हणाले लोक फायदा घेतील, एकच फोटो चार वेळा पाठवतील. तसं झालं नाही. उलट लोक लिहितात "एकच निघाला, राहू दे ताई". एकदा ट्रान्सपोर्टवाल्याने बॉक्स उन्हात ठेवले आणि फळं दबली, तेव्हा पण कोणी विचारायच्या आधी मीच सगळ्यांना मेसेज केला, काय झालंय आणि बदली बॉक्स कधी निघेल ते. शिव्या पडल्या नाहीत. गप्प बसले असते तर नक्की पडल्या असत्या.

2018 ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नोंदणी आम्ही करून घेतलीये आणि सर्टिफिकेटचा फोटो प्रोफाइलवर वरच पिन करून ठेवलाय. बाजारात कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत सर्रास विकला जातो, ज्याने एकदा फसून पैसे घालवलेत त्याला आपल्यावर विश्वास ठेवायला काहीतरी कारण द्यायलाच लागतं. त्यामुळे मी दुसऱ्याच्या बागेतला माल आपला म्हणून देत नाही. आपला संपला की "संपला" असं स्टेटस टाकते. मार्चच्या सुरुवातीला लोक घाई करतात तेव्हाही सांगते की आत्ता भाव जास्त आहे, एप्रिलअखेर घेतलात तर चार पैसे वाचतील.

नवीन सुरू करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. "मी आर्मीत आहे, युनिटसाठी मोठी ऑर्डर हवी, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असे फोन सीझनला येतात. पैसे घ्यायला आपल्याला कधीच स्कॅन करावं लागत नाही की पिन टाकावा लागत नाही, असा फोन आला की सरळ ठेवून द्यायचा.

सगळाच माल असा जातो असं नाही. एप्रिलअखेर एकदम फळ तयार होतं तेव्हा वाशीला पाठवावंच लागतं, आणि बारीक, डागी फळ कॅनिंगला. पण पहिला निवडक माल आता आम्ही ठरवलेल्या भावात जातो आणि पैसे ऑर्डरबरोबरच येतात, त्यामुळे फवारणीची उधारी सीझन संपायच्या आधीच फिटते.