माझा अनुभव: तक्रारीच्या सहा प्रती

संध्याकाळच्या बॅचला मी बॅडमिंटन खेळायला जायचे. ग्रिप सुधारायच्या निमित्ताने प्रशिक्षक मागून येऊन मनगट धरायचे आणि दुसरा हात कमरेवर यायचा. दोनदा मी बाजूला झाले. तिसऱ्यांदा सांगितलं, "सर, हात लावू नका, तोंडी सांगा." त्या रात्रीपासून नको तसले मेसेज सुरू झाले.

क्लबमध्ये उत्तर मिळालं, "ते सगळ्यांनाच तसं शिकवतात." मी तिथे नोकरीला नव्हते, फी भरून खेळत होते. त्यामुळे कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून असलेला कायदा मला लागूच नाही, असं मी धरून चालले होते. पण 2013 च्या त्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुलही येतं, आणि तक्रार करणारी तिथे नोकरीलाच असावी अशी अट नाही. हे कळेपर्यंत शेवटच्या मेसेजला दोन महिने उलटले होते. तक्रारीची मुदत 3 महिन्यांची. (कारण पटलं तर तक्रार ऐकणारी समिती आणखी 3 महिने देऊ शकते.)

क्लबमध्ये 10 पेक्षा कमी कर्मचारी, म्हणून क्लबची स्वतःची, म्हणजे अंतर्गत समिती नव्हती. अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. अर्जाला मला चार रात्री लागल्या. "वाईट वागतात" एवढ्याने भागत नाही. तारीख कोणती, बॅडमिंटनचं कोर्ट कोणतं, समोर कोण होतं, कोण काय बोललं, सगळं लिहावं लागतं. तारखा मी ग्रुपवरच्या हजेरीवरून जुळवल्या. मेसेज तर संतापून पुसणारच होते, मैत्रिणीने फोन हातातून काढून घेतला म्हणून राहिले. स्क्रीनशॉट आणि साक्षीदारांची नावं जोडून 6 प्रती दिल्या.

पुढचे दिवस फार जड गेले. प्रशिक्षकांच्या लेखी उत्तरात मीच खोटी ठरले होते. समितीसमोर आवाज फुटेना, तेव्हा अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "सावकाश सांगा." तिथे कुणालाच वकील आणता येत नाही, याची मला आधी धास्ती होती. उलट त्यामुळेच मी माझ्या शब्दांत बोलू शकले. "मिटवून टाक" असे निरोप येत होते, पण समेट तक्रारदार बाईने मागितला तरच होतो, आणि पैसे घेऊन तर नाहीच. चौकशी 90 दिवसांच्या आत संपली.

मला न्याय मिळाला, एवढंच लिहिते. बाकी तपशील कायद्यानेच गोपनीय आहेत, आणि माझ्यासाठी साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या दोघींना त्या गोपनीयतेची गरज आहे.

आता दुसरीकडे खेळते. पहिल्याच दिवशी तिथल्या प्रशिक्षकांनी विचारलं, "मनगट धरून दाखवू का?" मी नको म्हटलं. त्यांनी रॅकेट घेतली आणि स्वतःच्या मनगटावर दाखवलं.