हॉलमध्ये चालते

शोधत होते चार्जर. हव्या त्या वस्तूशिवाय बाकी सगळं देणं हा ड्रॉवरचा धर्मच आहे, त्यामुळे त्या दुपारी हाताला लागली ती चकत्यांची गोल डबी. काळं बूड, मधोमध खुंटी, वर पारदर्शक टोपण. घर बदलताना आईबाबांच्या सामानातून माझ्या सामानात कधी शिरली, देव जाणे. टोपण अर्धं वळण फिरवून उचललं तर आत अकरा डीव्हीड्या, एकीच्या अंगावर एक. सगळ्यात वरच्या चकतीवर बाबांचं मार्करमधलं अक्षर: 'हॉलमध्ये चालते.'

बस, एवढंच. आत काय आहे, कोणाचं आहे, कधीचं आहे, काही नाही. दुसरीवर 'मावशीकडे चालते, हॉलमध्ये नाही'. तिसरीवर 'फक्त कॉम्प्युटर'. चौथीवर नुसती फुली. फुली म्हणजे कुठेच नाही.

ज्यांच्या घरात त्या काळी बर्नर, म्हणजे कोऱ्या चकतीवर लिहिणारा कॉम्प्युटरचा ड्राइव्ह, होता त्यांना यातलं काही उलगडून सांगायला नको. चकतीत काय आहे हा प्रश्न नंतरचा. आधी ती कोणाच्या घरी चालते ते सांगा. छापील भाषेत याला 'सुसंगतता' म्हणतात, पण आमच्या घरात तो शब्द कोणी तोंडाला लागू दिला नाही. 'हिचं त्याच्याशी पटत नाही' एवढं पुरायचं. मावशीकडचा प्लेयर सोशिक होता, काहीही घाला, गोड मानून घ्यायचा. आमचा हॉलमधला मात्र दिसायला देखणा आणि स्वभावाने तुसडा. घरात आलेला सगळ्यात महागडा पाहुणा असल्यासारखे आम्ही त्याच्या कलाने घेत असू.

त्याचा ट्रे अजून डोळ्यांसमोर आहे. बटण दाबलं की आधी किंचित अडखळायचा, मग जीभ काढल्यासारखा एकदम बाहेर. बाबा चकती कडेने धरून, अंगठा कुठे लागू न देता, त्यात ठेवायचे. ट्रे आत. मोटरची घरघर. मग आतून टिक्, टिक्-टिक्, खर्र. पट्टीवर हिरव्या अक्षरांत 'रीडिंग'. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले, मी त्यांच्या मागे, आई दारात ओला हात पुसत उभी. पुन्हा टिक्-टिक्. घरघर मंदावत जायची आणि अक्षरं बदलायची: 'नो डिस्क'.

बाबांचा राग त्या 'नो'वर असायचा. ''वाचता येत नाही, असं म्हण ना. डिस्क नाही काय? मी ट्रेमध्ये हवा ठेवली का?''

आता मला त्या प्लेयरची बाजू कळते. त्या बिचाऱ्याला दिसत काहीच नाही, खालून लाल लेझर सोडायचा आणि किती उजेड परत येतो ते चाचपायचं, एवढीच त्याची दृष्टी. कारखान्यात ठशाने काढलेली एकपदरी डीव्हीडी 45 ते 85 टक्के उजेड परत देते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू देते जेमतेम 18 ते 30. गंमत अशी की कारखान्याच्या दोन पदरांच्या डीव्हीडीचा परतावाही तेवढाच. त्यामुळे जुन्या वळणाच्या प्लेयरला वाटायचं, ही दुमजली दिसते, आणि तो निघायचा वरच्या मजल्याचा जिना शोधायला. जिना असला तर सापडणार! शेवटी दमून म्हणायचा, चकतीच नाही. माझ्या ओळखीत अशी माणसंही आहेत, पण ते असो.

या एका कारणामुळे आमच्या घरात अकरा चकत्या जमल्या. कारण कोणती चकती हॉलमध्ये चालते या चाचणीला खरी सोयीची ती आरडब्ल्यूच. हजारेक वेळा पुसा, हजारेक वेळा लिहा. पण तिला हॉल ओळख देईना. उरली साधी आर. तिच्यावर रंगद्रव्याचा थर असतो, लेझर तो थर भाजत जातो, आणि एकदा भाजलेलं पुन्हा कच्चं होत नाही. म्हणजे प्रत्येक प्रयोगाला एक चकती कायमची खर्ची.

त्यात या आरच्या दोन जाती, प्लस आणि मायनस. डीव्हीडी-आर बाजारात आली 1997 मध्ये. पायोनियरची. तेव्हा त्या नावातली मधली रेघ ही नुसती रेघ होती, दोन अक्षरांमधलं संयोगचिन्ह, दुसरं काही नाही. मग दुसऱ्या गटाने, फिलिप्स, सोनी वगैरे मंडळींनी, 2002 मध्ये स्वतःची डीव्हीडी+आर काढली. शेजारी कोणी 'अधिक' नाव लावून राहायला आला की आपण काहीही न करता 'उणे' होतो. लोक त्या रेघेला मायनस म्हणायला लागले. संयोगचिन्हाचं वजाबाकीचं चिन्ह झालं! पाचेक वर्षं सरळमार्गाने राहिलेल्या एका रेघेवर झालेला हा अन्याय मला अजून सलतो. मी आजही 'डीव्हीडी डॅश आर' म्हणते. त्याचा कोणाला काही उपयोग नाही, हे मान्य.

बरं, या मंडळींना एकत्र बसून ठरवता येत नव्हतं असंही नाही. मूळ डीव्हीडीच्या वेळी दोन तट पडलेच होते, पण व्हीएचएस आणि बीटामॅक्स या व्हिडिओ कॅसेटच्या दोन प्रकारांसारखी लढाई पुन्हा नको म्हणून कॉम्प्युटर कंपन्यांनी डोळे वटारले आणि 1995 मध्ये समेट झाला, एकच चकती ठरली. पुढे लिहिता येणाऱ्या चकतीची वेळ आली तेव्हा त्याच घरात पुन्हा भिंत उभी राहिली. 2002 च्या सुमारास दोन्ही प्रकार लिहिणारे ड्राइव्ह निघाले म्हणून बर्नरवाल्यांचा प्रश्न मिटला. हॉलमधल्या प्लेयरचा मिटला नाही.

बाबांनी याच्यावर वही घातली. दोनशे पानी, आडव्या रेघांची, आणि तिच्यात पट्टीने उभ्या रेघा मारून केलेले रकाने: प्रकार, वेग, कॉम्प्युटर, हॉल, मावशी, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बाबा खुलायचे. 'घेतली, पण नाखुशीने.' 'पहिल्यांदा नाही, ट्रे दोनदा आत-बाहेर केल्यावर हो.' 'सकाळी चालली, रात्री नाही.' हे शेवटचं मी अजून विसरलेले नाही, कारण त्यावर आईने 'तीसुद्धा थकते हो' असं म्हटलं होतं आणि बाबांनी ते चक्क कंसात लिहून ठेवलं होतं.

चकती भाजत असताना घरात संचारबंदी. माउसला हात लावायचा नाही, टेबलाला धक्का द्यायचा नाही, शेजारच्या खोलीत उड्या तर अजिबात नाही. चार पट वेगाने भरलेली चकती लिहायला पंधरा मिनिटं लागायची. सोळा पट वेगाची चकती हातात असूनही बाबा चारच्या वर जायचे नाहीत. घाईत लिहिलेलं अक्षर कोणाला लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी सातवीत होते, माझं अक्षर तेव्हा कोणालाच लागत नव्हतं, त्यामुळे हे वाक्य नेमकं कोणाला उद्देशून आहे ते मला कळायचं. लिहून झालं तरी उठायचं नाही, मग फायनलाइझ. चकतीचं तोंड शिवून बंद केल्याशिवाय दुसऱ्याच्या प्लेयरला ती उघडता येत नाही. 'ऑडिओ टीएस' नावाचं एक फोल्डरही असायचं, आणि ते कायम रिकामं. व्हिडिओच्या चकतीत त्याचं काही काम नाही. पण ते नसलं तर काही जुने प्लेयर रुसतात असं बाबांच्या वाचनात आलं होतं, म्हणून ते रिकामं फोल्डर आमच्या प्रत्येक चकतीत मानाने बसायचं.

एकदा त्यांनी खोटेपणाही केला. प्लसच्या चकतीत आपण कोण हे सांगणारी एक नोंद असते, बुक टाइप, आणि काही बर्नरना ती बदलता येते. म्हणजे चकती प्लस आरच, पण प्लेयरने विचारलं तर सांगायचं, मी कारखान्यातली डीव्हीडी-रॉम आहे. फॉर्मवर उंची लिहितानासुद्धा अर्धा सेंटीमीटर इकडचा तिकडे न करणाऱ्या माणसाने त्या रात्री दार लोटून घेऊन एका चकतीला खोटं नाव दिलं. हॉलमधल्या प्लेयरने ते नाव वाचलं आणि निमूटपणे चकती सुरू केली. बाबा आनंदाने ओरडले नाहीत. वहीत लिहिलं: 'चालली. (नाव बदलून.)' नंतर दोन दिवस त्या प्लेयरकडे ते जरा ओशाळून बघायचे असं मला वाटायचं, पण ती माझी कल्पनाही असेल.

हे सगळं कशासाठी, तर कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटसाठी. सहलीच्या, माझ्या शाळेतल्या नाटकाच्या, आणि एक आजीची, ज्यात ती तासभर तिच्या लहानपणाबद्दल बोलली होती. कॅसेटचं काही खरं नसतं, सगळं डीव्हीडीवर घेऊन ठेवू, म्हणजे जन्माची काळजी मिटेल, ही बाबांची योजना. पण आधी चाचणी, मग खरं. चाचणीसाठी त्यांनी एका कॅसेटच्या सुरुवातीचे चाळीस सेकंद काढून घेतले होते. तेच चाळीस सेकंद प्रत्येक चकतीवर. हॉलमध्ये चालले की पुढच्याला घ्यायचं.

यात एक मेख होती आणि ती आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नाही. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. चाळीस सेकंद म्हणजे भोकाजवळची एक नखभर कड. खोड्या असतात त्या बाहेरच्या काठाला. तिथे थर कमीजास्त, तिथे चकती डुगडुगणार, तिथे बोटांचे ठसे. आजीची खरी चकती अखेर केली, मावशीकडे सगळे जमून बसलो, आणि तासाच्या शेवटी शेवटी, आजी विहिरीत पडलेल्या कळशीचं सांगायला लागली तिथे, तिच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. चौकोन हलले, थांबले, कळशी वर आलीच नाही. आजी तिथेच बसलेली होती. ''अगं, मी सांगते की पुढचं,'' म्हणाली. पण सगळ्यांचं लक्ष प्लेयरकडे. बाबांनी ट्रे बाहेर काढला, चकती शर्टाला पुसली, जे कधीच करायचं नसतं, आणि पुन्हा आत घातली.

दुसऱ्या दिवसापासून चाचण्या परत पहिल्यापासून. वेगळी चकती, वेगळा वेग, तेच चाळीस सेकंद. मग कॅमेऱ्याने कॅसेट गिळायला सुरुवात केली, दुरुस्तीला दिला, तो तसाच परत आला. मग पेनड्राइव्ह आले, मग फोन. लॅपटॉपची कडसुद्धा सपाट झाली, ट्रे होता तिथे नुसतं प्लास्टिक. कॅसेटचं काय झालं ते कोणी नक्की सांगत नाही. आईचं म्हणणं, बाबांनी कोणालातरी करून आणायला दिल्या. बाबांचं म्हणणं, आईने आवरल्या.

एका मैत्रिणीकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला आणि रविवारी अकराच्या अकरा चकत्या लावून बसले. आठ उघडल्या. तीन नाहीत, त्यात 'हॉलमध्ये चालते' नव्हती आणि फुली मारलेलीही नव्हती. फुलीवाली तर पहिल्या फटक्यात, विनातक्रार. वीस वर्षं तिला कोणी पुन्हा विचारलंच नव्हतं.

आठही चकत्यांवर तेच. खिडकी, निळा पडदा, पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग आणि घड्या घालणारी आई. कॅमेरा जरा डावीकडे जातो, परत येतो. ती मान न वळवता विचारते, ''चालू आहे का हो ते?'' बाबांचा आवाज, अगदी जवळून: ''नाही गं. नुसतं बघतोय.'' मग ती निर्धास्त होते. एक बाही उलटी असते ती सुलटी करते, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणते, घडी पोटाशी धरून हनुवटीने दाबते, आणि एकदम वळून म्हणते, ''चालू आहे ना?'' तिथे संपतं. आठ वेळा पाहिलं. सातव्या वेळेला पाहण्याची काही गरज नव्हती.

ते कॉपी करून घरी पाठवलं. आईचा लगेच फोन. स्वतःबद्दल चकार शब्द नाही. ''तो निळा पडदा कुठे गेला गं? चांगला होता की.'' मग फोन बाबांकडे गेला.

''कोणत्या चकतीवरचं?''

''हॉलमध्ये चालते, त्या.''

''ती प्लस होती का मायनस?''

मी चकती उजेडात तिरकी धरली. कंपनीचं बारीक छापील नाव दिसत होतं, 4.7 दिसत होतं, आणि नेमकं चिन्ह होतं तिथे बाबांनी मार्करने जाड 'हॉ' काढलेला.

''दिसत नाहीये, बाबा. तुमच्या अक्षराखाली गेलंय.''

''मग वहीत असेल. थांब, बघतो.''

फोन तसाच टेबलावर ठेवून ते उठले. बराच वेळ पलीकडून ड्रॉवर उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज येत राहिले.