कात्रणांची पिशवी आणि ४५ दिवसांची मुदत

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला. त्याला आव्हान द्यायचं तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८१ प्रमाणे ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. म्हणजे शेवटची तारीख ७ जानेवारी २०२५. मराठवाड्यातल्या एका मतदारसंघातले पराभूत उमेदवार डिसेंबर संपता संपता छत्रपती संभाजीनगरला आमच्या ऑफिसात आले. सोबत भाचा, एक पेनड्राइव्ह आणि कापडी पिशवीभर कात्रणं.

“वकीलसाहेब, मतदानाच्या दिवशी दिवस उगवायच्या आधीच हे व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं. आपण बसलो, समोरच्याला पाठिंबा दिला म्हणून. आपलीच माणसं बूथवर विचारायलीत, आता मत कुणाला टाकायचं?”

भाच्यानं मोबाइल पुढं केला. एका दैनिकाच्या पहिल्या पानाची पीडीएफ होती. वर वर्तमानपत्राचं नाव, तारीख २० नोव्हेंबर, पाच कॉलमी मथळा, खाली उमेदवाराचा फोटो. त्या दैनिकावर आणि निवडून आलेल्या उमेदवारावर एकदाच दावा ठोकायचा, असं ते घरूनच ठरवून आले होते.

अशा पक्षकाराला आधी मुदतीचं सांगावं लागतं, कारण याच विषयात लोकांची समजूत सर्वात जास्त चुकीची असते. एरवी उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो. निवडणूक याचिकेत येत नाही. मुदतीच्या कायद्याचं कलम ५ इथं लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पूर्वीच हुकुमदेव नारायण यादव प्रकरणात सांगून ठेवलंय. नाताळच्या सुट्टीचा आधार धरून बसण्यातही शहाणपण नाही. आणि नुसती याचिका टाईप झाली म्हणजे झालं, असंही नाही. जितके प्रतिवादी तितक्या प्रती लागतात. प्रत्येक प्रतीवर ‘खरी प्रत’ म्हणून अर्जदाराची स्वतःची सही लागते. कलम ११७ प्रमाणे दोन हजार रुपये अनामत भरावी लागते. भ्रष्ट आचरणाचा, म्हणजे कायद्यात नेमून दिलेल्या निवडणूक गैरप्रकाराचा, आरोप असेल तर नमुना २५ मधलं वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं. ज्या उमेदवारावर असा आरोप आहे त्याला प्रतिवादी करायचं राहून गेलं, तर कलम ८६ खाली याचिका तिथंच फेटाळली जाते. दाखल करताना अर्जदारानं स्वतः हजर राहावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. वकिलाला पाठवून भागेल, या भरवशावर राहू नये.

ईव्हीएमचा विषय त्यांनी काढला, तो पाच मिनिटांत संपला. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानं दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करता येते, पण निकालापासून सात दिवसांच्या आत. ते सात दिवस नोव्हेंबरातच गेले होते.

मग पिशवी उघडली. कात्रणं कात्रीनं नीट कापलेली, कोऱ्या कागदावर चिकटवलेली, वर निळ्या पेनानं तारखा घातलेल्या. कोर्टात अशा कात्रणाला काही किंमत नसते. कापताना वर्तमानपत्राचं नाव जातं, पान क्रमांक जातो, आवृत्ती जाते आणि शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असलेली ओळ जाते. ठेवायचा तो पूर्ण अंक. डाक आवृत्ती की शहर आवृत्ती, हेही त्याच दिवशी लिहून ठेवायचं, कारण तालुक्याला पोचणारा अंक आणि शहरात वाटला जाणारा अंक यांत मजकूर बदलतो.

अंक पूर्ण असला तरी बातमी आपोआप पुरावा होत नाही. सामंत बालकृष्ण विरुद्ध जॉर्ज फर्नांडिस या १९६९ च्या निवडणूक खटल्यात आणि पुढं १९९४ मध्ये गुलबर्ग्याच्या कमरुल इस्लाम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. बातमी म्हणजे ऐकीव माहिती. ज्यानं पाहिलं-ऐकलं आणि लिहिलं, तो बातमीदार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यायला हवा. तालुक्याचा वार्ताहर उलटतपासणीला उभं राहायला कचरतो, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. अनेकांना पगार नसतो, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं, आणि ज्याच्या विरोधात बोलायचं तो आता आमदार असतो. त्या माणसाची टिपणवही, सभेचं रेकॉर्डिंग, कार्यालयाला पाठवलेला मूळ मजकूर, हे सगळं त्याच्यापाशी असतं. आपण मात्र त्याच्याकडं जातो खटला उभा राहिल्यावर.

पीडीएफकडं वळलो. मला ती पहिल्यापासून खटकत होती. मथळ्याचा टाईप त्या दैनिकाचा वाटत नव्हता. बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव ते दैनिक ज्या पद्धतीनं देतं, तसं नव्हतं. ज्युनिअरला दैनिकाच्या कार्यालयात पाठवलं. दुपारपर्यंत तो २० नोव्हेंबरच्या अंकाच्या दोन्ही आवृत्त्यांच्या प्रती घेऊन आला. टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, अंक क्रमांक, वरच्या कोपऱ्यातली जाहिरात, सगळं जुळत होतं. पाच कॉलमी बातमीच्या जागी मात्र छापील अंकात मतदानाच्या तयारीची बातमी होती. कुणीतरी ई-पेपरचं पान उतरवून घेतलं होतं, मधला भाग बदलला होता आणि पहाटे सोडून दिला होता.

पक्षकार बराच वेळ दोन्ही पानं पाहत बसले. महिनाभर ज्या दैनिकाला ते शिव्या देत होते, ते दैनिक आता त्यांचा सर्वात चांगला साक्षीदार ठरू शकत होतं. आमच्या अंकात असं काही छापलेलं नाही, हे संपादकानं शपथेवर सांगितलं, तर बनावट सिद्ध करायला दुसऱ्या कशाची गरज नाही. ज्युनिअरनं पुढं जाऊन विचारलं, तेव्हा कार्यालयानं तसं लेखी द्यायची तयारी लगेच दाखवली. आपल्या नावाचा गैरवापर झाल्याचा त्यांनाही संताप होता.

बनावट सिद्ध होणं वेगळं आणि निवडणूक रद्द होणं वेगळं. उमेदवारानं माघार घेतली, अशी खोटी बातमी पसरवणं कलम १२३(४) मध्ये बसतं, यात शंका नाही. पण ते विधान विजयी उमेदवारानं, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीनं किंवा त्यांच्या संमतीनं दुसऱ्या कुणी केलेलं असलं पाहिजे. ते खोटं आहे असं करणाऱ्याला वाटत असलं पाहिजे, निदान ते खरं आहे असा त्याचा विश्वास नसला पाहिजे. आणि पुरावा फौजदारी खटल्याच्या कसाचा लागतो. पिशवीत आणि पेनड्राइव्हमध्ये जे होतं, त्यावरून पान कुणी बनवलं याचा मागमूस लागत नव्हता. मेसेजवर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण होती. भाच्याला तो ज्या गटातून आला, त्या गटात टाकणारा माणूस स्वतः दुसऱ्या गटातून उचलणारा.

पेनड्राइव्हवर स्क्रीनशॉट होते. स्क्रीनशॉट ही मूळ नोंद नव्हे. ज्या मोबाइलवर मेसेज आला तो मोबाइल तसाच जपून ठेवायला हवा, फॉर्मॅट करायचा नाही, चॅट एक्स्पोर्ट करून घ्यायची, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायचं. १ जुलै २०२४ पासून या प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत: भाग ‘अ’ देणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलवरून संगणक काढतो तो ओळख-क्रमांक, लिहावी लागते. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते, म्हणून ती पहिल्याच दिवशी काढून ठेवलेली बरी.

या प्रमाणपत्राचा सर्वात गाजलेला निकाल आपल्या जालन्याचाच आहे. २०१४ ला जालना विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. अर्ज भरायची मुदत दुपारी ३ ला संपल्यावर त्यांचे अर्ज दाखल झाले, असं कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा आधार होता. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी त्या चित्रीकरणाचं प्रमाणपत्र दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं अपील फेटाळलं. प्रमाणपत्र सक्तीचंच आहे, पण मागणाऱ्यानं सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही तर त्याला सवलत मिळू शकते, असं त्यात ठरलं. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच म्हणतो. माझ्या मते या तरतुदीकडं होणारं दुर्लक्ष हा आपल्या निवडणूक न्यायातला सर्वात मोठा दोष आहे.

चित्रीकरणाच्या बाबतीत तर गोष्टी आणखी अवघड झाल्या आहेत. २० डिसेंबर २०२४ ला निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलला आणि सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी जनतेच्या तपासणीतून वगळल्या गेल्या. पुढं ३० मे २०२५ च्या पत्रानं निवडणूक आयोगानं, याचिका नसेल तर हे चित्रीकरण ४५ दिवसांनंतर नष्ट करायला सांगितलं. याचिकेची मुदत ४५ दिवस, चित्रीकरणाचं आयुष्यही ४५ दिवस. पराभूत उमेदवारानं याचिका लिहायची तरी कशाच्या आधारावर, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

राहिलेल्या कात्रणांत एक वेगळा गठ्ठा निघाला. दोन दैनिकांत एकाच दिवशी विजयी उमेदवारावर अर्धं-अर्धं पान मजकूर. मथळे वेगळे, एकीकडं ‘प्रतिनिधी’, दुसरीकडं ‘वार्ताहर’. पण आतला मजकूर शब्द न् शब्द तोच, फोटो तोच, आणि ‘मतदरसंघ’ ही मुद्रणातली चूकसुद्धा दोन्हीकडं तीच. पॅकेजची, म्हणजे पैसे घेऊन छापलेली, बातमी (पेड न्यूज) ओळखायला याहून चांगली खूण नाही.

याचा मार्ग मतदानाच्या आधी होता. जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडं तक्रार केली असती, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं छापून आल्यापासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस द्यायची, उमेदवारानं ४८ तासांत उत्तर द्यायचं, नाही दिलं तर समितीचा निर्णय अंतिम. मग तो खर्च शासकीय जाहिरात दरानं मोजून उमेदवाराच्या नावावर चढतो. अर्धं पान म्हणजे साधारण ३३ बाय २५ सेंटिमीटर, ८२५ चौरस सेंटिमीटर; त्याला त्या दैनिकाच्या दरानं गुणायचं. हे तेव्हा झालं असतं तर खर्च निरीक्षकाच्या शॅडो रजिस्टरमध्ये, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाच्या समांतर नोंदवहीत, नोंद आली असती. ती नव्हती, कारण तक्रारच नव्हती.

तरी हा गठ्ठा वाया जाणार नव्हता. विजयी उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. ती मुदत २३ डिसेंबरला संपली होती. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं एक रुपया फी भरून तो हिशेब कुणालाही पाहता येतो. हे फार थोड्या लोकांना, आणि आश्चर्य म्हणजे फार थोड्या पत्रकारांना माहीत असतं. हिशेबात जाहिरातीखाली काय दाखवलंय ते पाहायचं आणि मोजलेल्या जागेशी ताडायचं. खर्च ४० लाखांच्या मर्यादेवर गेल्याचं दिसत नसेल, तर नुसत्या खोट्या हिशेबावर उच्च न्यायालयात याचिका टिकत नाही. त्यासाठी कलम १०अ खाली निवडणूक आयोगाकडं जायचं. दोष ठरला तर तीन वर्षांची अपात्रता.

हा रस्ता नांदेडच्या प्रकरणानं पक्का केला. २००९ च्या भोकर निवडणुकीत अशोक चव्हाण यांच्यावर वर्तमानपत्रांत आलेल्या मजकुरावरून माधवराव किन्हाळकरांनी तक्रार केली. हिशेब खरा की खोटा हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१४ ला ठरवलं. चव्हाणांना दिलेली आयोगाची नोटीस दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी रद्द केली, पण अधिकाराचा तो निकाल कायम आहे. त्याआधी २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूजच्या खर्चावरून आयोगानं तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं.

संध्याकाळी पिशवीचे दोन भाग केले. दोन दैनिकांचे पूर्ण अंक, मोजमापाचा तक्ता आणि हिशेबाच्या नकलेचा अर्ज आयोगाकडच्या तक्रारीसाठी. मोबाइल, हॅश, संपादकाचं पत्र आणि छापील अंक पोलिसांकडच्या फिर्यादीसाठी: बनावट दस्तऐवज आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १७५. या कलमाला शिक्षा फक्त दंडाची आहे, हेही सांगितलं. पण तपासात पान बनवणारा सापडला आणि त्याचा धागा विजयी उमेदवारापर्यंत ७ जानेवारीच्या आत पोचला, तरच याचिका; नाहीतर नाही. संमतीचा पुरावा नसताना भ्रष्ट आचरणाचं प्रतिज्ञापत्र करून देणं मला मान्य नाही, पक्षकार कितीही दुखावलेला असला तरी.

धागा मुदतीत पोचला नाही आणि याचिका दाखल झाली नाही. आयोगाकडची तक्रार मात्र गेली.

जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीला ही मुदत १५ दिवसांची आहे, नगर परिषदेला १० दिवसांची. म्हणून आता उमेदवार अर्ज भरण्याआधी भेटायला आला की मी त्याच्या हाती एक यादी देतो: रोजच्या सर्व दैनिकांचे पूर्ण अंक विकत घेणारा एक माणूस, व्हॉट्सॲपवरचा आक्षेपार्ह मजकूर ज्यावर आला तो मोबाइल बाजूला ठेवणारा दुसरा, प्रत्येक बूथवरून नमुना १७-सी ची, म्हणजे तिथं झालेल्या मतदानाच्या हिशेबाची, प्रत आणणारा प्रतिनिधी, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून न हलणारा तिसरा.