एकाच ज्वारीवर दोन बाऊल

रविवार, रात्री

ज्वारी काल झोपण्यापूर्वी भिजत टाकली होती. सकाळी पाणी बदललं तेव्हा दाणा टपोरा झाला होता, पण दाताखाली अजून कचकच लागत होता. एका वाटीला तीन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक आणि मग चांगली पंचवीस मिनिटं. भाताच्या हिशेबानं तीन शिट्ट्यांवर कुकर उतरवला तर दाणा वातड राहतो आणि घरातले सगळे ज्वारीला नावं ठेवतात. वरचं पाणी मी ओतून देत नाही. ते दाटसर असतं. सासूबाईंनी त्यात ताक आणि जिरेपूड घातली, उभ्या उभ्याच पेला रिकामा केला.

हा खटाटोप मूळ लेकीसाठी. जिमला जायला लागल्यापासून ती बाहेरून ‘हाय प्रोटीन बाऊल’ मागवते. पुठ्ठ्याचा गोल डबा, तळाशी किन्वा, वर चिकनच्या मोजून सात-आठ पट्ट्या, ब्रोकोलीचे दोन तुरे, कडेला सॉसची डबी. किंमत चारशेच्या घरात. एवढं खाऊन तासाभरात ती फरसाणाच्या डब्याशी. म्हटलं, घरीच करून बघू.

किन्व्याचा हिशेब आधी मांडला. शंभर ग्रॅम कोरड्या किन्व्यात साधारण चौदा ग्रॅम प्रोटीन, ज्वारीत दहा. बाऊलमध्ये धान्य जातं पन्नास ग्रॅम, म्हणजे फरक फार तर दोन ग्रॅमचा. त्या दोन ग्रॅमसाठी थेट अँडीजच्या डोंगरातलं धान्य कशाला? किन्व्याची बाजू घेणारे सांगतात की त्यातलं प्रोटीन ‘पूर्ण’ आहे आणि ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रोटीनमधलं एक आवश्यक अमिनो आम्ल, कमी. ते खरंच आहे. पण ज्वारीवर चिकन पडतंय, मटकी पडतेय, आणि त्या दोन्हींत लायसिन भरपूर असतं. भाकरीबरोबर आमटी-उसळ खाणाऱ्या घराला ही काळजी एरवीही नसते.

शिवाय आमच्याकडे ज्वारी विकत घ्यावी लागत नाही. दीर मंगळवेढ्याकडून वर्षाचं पोतं पाठवतात, अस्सल मालदांडी. रब्बीचं पीक, काळ्या जमिनीतल्या ओलीवर पोसलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण दिरांनी अजून पाकिटात जपलंय. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं खुली केली ते हेच गाव, हे तर ते दर भेटीत सांगतात. त्या ज्वारीची भाकरी आम्ही रोजच खातो. अख्खा दाणा मात्र घुगऱ्यांनंतर माझ्या स्वयंपाकघरातून गायबच झाला होता.

आता चिकन. रविवारच्या रश्शाला मी काही म्हणणार नाही, तो रश्शासाठीच खायचा. पण किलोभर कोंबडी तिघांत म्हटली तरी त्यात मान, पाठ, पंख आले. दुसऱ्या दिवसालाही पुरवायची असते, म्हणून ताटात तीन फोडी, त्यातली एक नुसती चोखायची. पोट भरतं ते भातानं. बाऊलमध्ये हे प्रमाण उलटं होतं, एवढीच त्यातली करामत.

छातीचा तुकडा एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळता. जाड भाग शिजेपर्यंत निमुळत्या टोकाचं लाकूड होतं. म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बत्त्यानं जाड बाजू ठोकून सारखी करून घेतली. मीठ सगळ्यांत आधी लावलं आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवलं. मीठ आत उतरलं की मांस शिजताना स्वतःचं पाणी धरून ठेवतं. मीठ आयत्या वेळी लावलं तर ते नुसतं वरवर राहतं. मग दोन चमचे दही, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबिरीचं वाटण. लिंबू शेवटी, ताटात. लिंबाच्या रसात रात्रभर मुरवलेल्या चिकनचा वरचा थर भुसभुशीत होतो, मला तो आवडत नाही.

बिडाचा तवा चांगला तापवला, चमचाभर तेल, तुकड्यावरचं जास्तीचं वाटण निपटून तव्यावर टाकला आणि हात मागे घेतला. हेच अवघड आहे. हलवायचं नाही, उलथन्यानं दाबायचं नाही. खालची बाजू नीट भाजली की ती आपणहून तवा सोडते. एका बाजूला पाचेक मिनिटं, दुसरीला तीन-चार. मधोमध थर्मामीटर खुपसला. ७४ अंश सेल्सिअस दिसलं की उतरवला. (थर्मामीटर आणला तेव्हा नवऱ्यानं विचारलं, कोंबडीला ताप आलाय का.) पाच मिनिटं तसाच ठेवून धाग्यांच्या आडव्या पट्ट्या कापल्या. लगेच कापला असता तर सगळा रस पाटावर गेला असता.

मला विचाराल तर मांडीचं मांस जास्त रुचकर. प्रोटीन थोडं कमी, चरबी थोडी जास्त, पण चार मिनिटं तव्यावर जास्त राहिलं तरी बिघडत नाही. लेकीला मात्र छातीचंच हवं.

सोमवार

आज घरात चिकन नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार नाही, त्यात चतुर्थी आणि एकादशी. सासूबाई माळकरी, त्या तर कधीच नाही. त्यांच्यामुळे चिकनचा तवा, सुरी, पाट, घासणीसुद्धा वेगळी, ओट्याखालच्या शेवटच्या कप्प्यात. लग्नानंतर मला हा जाच वाटायचा. आता वाटत नाही, कारण कच्च्या चिकनचा पाट आणि काकडीचा पाट वेगळा असावा हे कोणीही जाणकार सांगेल. चिकन नळाखाली खळाखळा धुणंही मी बंद केलंय. धुण्यानं जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओटाभर होतात. ते मरतात तव्यावर.

प्रोटीनचा विषय निघालाच होता म्हणून संध्याकाळी वही घेऊन बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली दिलेलं प्रमाण आहे वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम. ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. वजनं उचलणाऱ्यांना जास्त लागतं, दर किलोला दीड ग्रॅमच्या आसपास धरतात. लेकीचा रविवारचा बाऊल असा भरला: कच्चं वजन १२० ग्रॅम असलेल्या चिकनमधून २७ ग्रॅम, ज्वारीतून ५, मोड आलेल्या मटकीतून ५, टांगलेल्या दह्यातून ४, शेंगदाण्याच्या चटणीतून दोन-अडीच. त्रेचाळीसच्या पुढे. तिच्या मैत्रिणीचं म्हणणं शंभर ग्रॅम चिकनमध्ये ३१ ग्रॅम असतं, लेकीचं म्हणणं २३, आणि यावर फोनवर वाद. दोघीही बरोबर आहेत. २३ कच्च्याचं, ३१ शिजवलेल्याचं. शिजताना पाणी जातं, वजन घटतं, प्रोटीन जागेवर राहतं. काट्यावर कच्चंच ठेवावं म्हणजे भानगड नाही.

मग सहज सासूबाईंचं आज दिवसभराचं खाणं लिहिलं. दीड भाकरी, पातळ आमटी, दोडक्याची भाजी, मूठभर भात, दोन वेळचा चहा, ताक. मोकळ्या हातानं धरूनही तीसच्या आत. त्यांचं वजन ४८ किलो, म्हणजे निदान चाळीस हवेत, आणि म्हातारपणी स्नायू झिजतात म्हणून डॉक्टर त्याहून थोडे जास्तच घ्या म्हणतात. खुर्चीतून उठताना त्या हल्ली दोन्ही हात टेकतात. लेकीचं प्रोटीन मोजायला वजनकाटा आणला, ॲप आलं, पावडरचा डबा आला. ज्यांना खरोखर कमी पडतंय त्यांच्या ताटाकडे घरात कोणी बघितलंच नव्हतं.

मंगळवार

सासूबाईंना म्हटलं, आई, आज तुम्हालाही बाऊल.

‘‘मला नको ते जिमचं. तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या नसतील मी, पण तुझ्या नवऱ्याला घुगऱ्यांवरच वाढवलंय.’’

‘‘मग त्याच आहेत. वर थोडं पनीर.’’

अडचणी दोन होत्या. एक दात. अख्खा दाणा त्यांना चावत नाही, चावला तरी कवळीखाली जातो. म्हणून त्यांच्यासाठी कण्या. ज्वारी मिक्सरमध्ये भरड फिरवली, पीठ चाळून काढलं, कण्या ताकात मऊ शिजवल्या. दुसरी अडचण चातुर्मास. कांदेनवमीला पोटभर भजी झाली आणि आषाढीपासून कांदा, लसूण, वांगं बंद. सोलापुरी शेंगा चटणी लसणाशिवाय म्हणजे अर्धी मेलीच, पण जिरं जास्त घालून आणि तेल सुटेपर्यंत खलबत्त्यात कुटली तर निभावते. मिक्सरमध्ये नाही निभावत, तिथे नुसता कूट होतो.

तर त्यांचा बाऊल: चाळीस ग्रॅम ज्वारीच्या कण्या, वर हिंग-जिऱ्याच्या फोडणीत परतलेली मटकी, साठ ग्रॅम पनीर तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस केलेलं, काकडीची कोशिंबीर, घट्ट दही, बिनलसणाची चटणी. साधारण सव्वीस ग्रॅम एका जेवणात. दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त, आणि त्यांनी मागून थोड्या कण्या घेतल्या.

आमच्यासारख्या घराला बाऊल सोयीचा आहे तो यासाठी. रस्सा केला की एकीकडे रस्सा, दुसरीकडे आईंसाठी पिठलं किंवा भाजी, दोन फोडण्या, दोन वाटणं. इथे ज्वारी एक, मटकी एक, कोशिंबीर एक, दही एकच. शेवटचा थर फक्त बदलायचा, तोही वेगळ्या तव्यावर. मोड आलेली मटकी मी आता आठवड्यातून दोनदा बांधते, रात्री भिजवून सकाळी फडक्यात, दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड.

बुधवार

लेकीनं डबा नेला. शिजलेली ज्वारी भातासारखी चिकटत नाही, गारही खाता येते. गार झाल्यावर तिच्यातल्या स्टार्चचा थोडा भाग सावकाश पचणारा होतो, म्हणून पोटाला आधार राहतो. फरसाणाचा डबा दोन दिवस जागचा हललेला नाही.

पण एक नियम केलाय. कुकरमधली ज्वारी ताटात पसरून लगेच गार करायची आणि फ्रिजमध्ये टाकायची, ओट्यावर संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायची नाही. शिजलेल्या भातात किंवा धान्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू तासन्‌तास उबेत वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष असं आहे की नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. तव्यावरचं चिकन तीन दिवस, फार तर चार. त्यापुढे मी कोणालाच देत नाही.

रात्री नवरा. त्याला गार जेवण म्हणजे शिक्षा. त्यानं वाडग्यात ज्वारी घेतली, गरम केली, संध्याकाळी केलेला तांबडा रस्सा त्यावर ओतला, चिकनच्या पट्ट्या त्यात बुडवल्या, वरून कच्चा कांदा आणि लिंबू. दाण्यादाण्यात रस्सा शिरलेला, चावला की आतून तिखट. मी एक घास मागितला आणि मग अर्धा वाडगा खाल्ला. आठवडाभरात जेवढे बाऊल झाले त्यात हा सरस. लेक म्हणाली, बाबा, तेलाचा तवंग बघा. बाबांनी बघितला नाही.

शुक्रवार

गटारी जवळ आली. श्रावणात घरात चिकन शिजत नाही, ते लेकीलाही मान्य आहे, पण तिचे २७ ग्रॅम कुठून भरायचे यावर आज जेवताना सभा भरली. सोयाबीनच्या वड्यांत निम्मं वजन प्रोटीनचं, म्हणजे पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत पंचवीस. हिशेबाला सोपं. पण वड्या नुसत्या उकडल्या की तोंडात कापूस. त्या गरम पाण्यात फुगवून, दोनदा घट्ट पिळून, आल्याच्या वाटणात मुरवून तव्यावर कडक केल्या तर खाता येतात. सासूबाईंसाठीही चालतील, लसूण वगळून. पनीर रोज परवडत नाही.

नवऱ्यानं अंड्याचं काढलं. एका अंड्यात सहा ग्रॅम, चार अंडी म्हणजे काम फत्ते, आणि त्याच्या मते अंडं श्रावणात चालतं, कारण हॉस्टेलवर चालायचं. लेकीनं ताबडतोब पाठिंबा दिला. दोघांनी सासूबाईंकडे बघितलं.

त्यांनी कण्यांचा वाडगा पुसून खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘‘खालच्या कप्प्यातल्या तव्यावर करा. आणि श्रावणी सोमवारी तो तवा वर दिसला तर बघा.’’