वीस फुटी पाइप, नऊ फुटी हौदा आणि जयगडची ओहोटी

रत्नागिरीत लोखंड घेऊन गुहागर तालुक्यात न्यायचं म्हटलं की दुकानात, टेम्पोस्टँडवर, चहाच्या टपरीवर एकच सल्ला मिळतो: जयगडला जा, जेटीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, खाडीपलीकडे तवसाळला उतरा, चिपळूणचा वळसा वाचतो. कार किंवा मोटारसायकल असेल तर हा सल्ला अगदी बरोबर. पिकअपवर वीस फुटी पाइप लादलेले असतील तर तो सरळ धोकादायक आहे. पावसाआधी छपराचं काम उरकायला निघालेली बरीच मंडळी आत्ता याच विचारात असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. गाडी चालवणं आणि दोरी बांधणं येतं असं धरून चाललोय.

गुहागर तालुक्यात हेदवीजवळच्या वाडीतलं आमचं घर. वासे वाळवीनं पोखरलेले, कौलं वानरं फोडतात, आणि 2021 च्या तौक्ते वादळानंतर घरच्यांचा कौलावरचा विश्वास उडालेला. म्हणून लोखंडी सांगाडा आणि वर रंगीत पत्रा असं ठरलं. दोन इंची चौकोनी पाइप, तीन मिलीमीटर जाडीचे, 28 नग. एक नग सहा मीटर, म्हणजे जवळजवळ वीस फूट, आणि वजनाला साधारण 26 किलो. एकूण सव्वासातशे किलो. पिकअपला हे वजन काहीच नाही, आणि फसगत इथेच होते. सगळे वजन विचारतात, लांबी कोणी विचारत नाही.

दुकानदाराला मी विचारलं होतं, पाइप कापून मिळतील का. "कापून देत नाही, आणि गरजही नाही, सगळे असेच नेतात," असं उत्तर मिळालं. ही थाप होती. त्याच रस्त्यावर दोन दुकानं पुढे कटर मशीन आहे आणि तिथे कोणाचाही माल किरकोळ पैशात कापून देतात, हे मला नंतर कळलं. टेम्पोवाल्याचंही तेच. "काका, काय होत नाय वो. लाल फडका बांधला की झाला."

लाल फडक्यानं काही होत नाही, हे आधी नीट समजून घ्या. पूर्वी मालवाहू गाडीच्या मागे एक मीटरपर्यंत बाहेर आलेला खांब-पाइप चालायचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली ही सवलत 2014 मध्ये काढून टाकली. आता पुढे, मागे किंवा बाजूला, हौद्याबाहेर, म्हणजे गाडीच्या माल ठेवायच्या भागाबाहेर, माल येताच कामा नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये याला वीस हजार रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च वेगळा. आणि हा दंड फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्यालाही आहे. म्हणजे मालाचा मालकही त्यात येऊ शकतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण मागे येणाऱ्या दुचाकीवाल्याचं तोंड त्या पाइपच्या टोकाच्या बरोबर उंचीला असतं. नियम त्याच्यासाठी आहे.

आता लादण्याबद्दल. नऊ फुटी हौद्याच्या पिकअपवर पाइपची पुढची टोकं केबिनवरच्या कॅरियरवर ठेवतात आणि मागची बाजू फाळका (हौद्याचं मागचं दार) पाडून हौद्याच्या कडेवर टेकवतात. केबिन आणि हौदा मिळून पंधरा फूट होतात. उरलेले पाच फूट मागे लोंबतात. पुढे उंच आणि मागे खाली, अशी सगळी मोळी तिरकी. मी टेप लावून मोजलं: मागच्या टोकाखाली रस्त्यापर्यंत जेमतेम दीड फूट, आणि मागच्या चाकापासून टोकापर्यंत नऊ फूट. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता आम्ही टाळला आणि निवळीवरून आलो, हे फार बरं झालं. किनाऱ्याच्या त्या रस्त्यावर चढ-उतारांच्या वळणांवर मागे लोंबणारी शेपटी बाहेरच्या बाजूला झाडूसारखी फिरते आणि समोरून पर्यटकांच्या गाड्या येत असतात. निवळी ते जाकादेवी काहीच त्रास झाला नाही. त्यापुढे जयगडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, वारा लागला. मे महिन्यात दुपारनंतर सड्यावर पश्चिमेचा वारा असा सुटतो की उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. पाइपला त्यानं फरक पडला नाही. पत्रे असते तर काय झालं असतं ते पुढे सांगतो.

जेटीवर पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि पौर्णिमा होती. समुद्राकाठच्या माणसाला एवढं वाक्य पुरेसं आहे. बाकीच्यांसाठी: आमच्याकडे तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटाचा हिशेब यातून निघत नाही, पण जेटीवर जाण्यापुरता निघतो. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे ओहोटीचं पाणी एरवीपेक्षा खूप खाली जातं. बोट खाली बसते आणि धक्क्याचा जो उतार भरतीला पाण्याखाली असतो तो सगळा उघडा पडतो, ओला आणि शेवाळलेला.

बोटीवरच्या माणसानं माल बघताच हात वर केला. त्याचं म्हणणं होतं, पाणी चढेपर्यंत थांबा नाहीतर राई-भातगाव पुलावरून जा. तो माणूस बरोबर होता. टेम्पोवाला ऐकेना. थांबलं तर त्याचं दुसरं भाडं बुडणार होतं. मी थांबा म्हणून हात करतोय तोवर त्यानं गाडी उतारावर घातली.

पुढची चाकं बोटीच्या फळीवर चढली, म्हणजे गाडीचं नाक सपाट व्हायला लागलं. मागची चाकं अजून उतारावर होती. इथे शेपटीखालचा उतार वर येतो. साधं गणित आहे: उतार आठाला एक धरला तर चाकामागच्या नऊ फुटांत एक फुटाहून जास्त अंतर खाल्लं जातं. आमच्याकडे होतं दीड फूट, त्यातही पाटे (चाकावरच्या स्प्रिंगा) दबलेले आणि लांब पाइप टोकाशी झुललेले. पाइप सिमेंटला घासले, तो आवाज अजून कानात आहे. टेम्पोवाल्यानं दचकून ब्रेक मारला आणि सगळी मोळी अर्धा-पाऊण फूट पुढे सरकली. कॅरियरचा आडवा दांडा वाकला. काचेपुढे पाइपची टोकं दिसायला लागली. फळीवर बोटीचा एक पोरगा उभा होता. मोळी आणखी थोडी सुटली असती तर त्याच्या छातीवर गेली असती.

मग त्या शेवाळावरून गाडी उलटी चढवायची होती. चाकाखाली पोती टाकली, दोघं बाजूला दगड घेऊन उभे राहिले, आणि बोटीवरच्या लोकांनी पाइपची शेपटी दोरानं वर उचलून धरली. त्यांनी या कामाचा एक पैसा घेतला नाही.

यात सर्वात जास्त लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे पाइपचं पुढे सरकणं. नवा पाइप तेलकट असतो आणि लोखंड लोखंडावरून घसरतं. वरून कितीही दोऱ्या ओढल्या तरी आतले नग निसटतात. आधी मोळी स्वतंत्र आवळून घ्या, तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन वेढे. मग ती गाडीला बांधा. मोळीखाली आणि दोरीखाली टायरच्या ट्यूबचे तुकडे घाला, म्हणजे घसरत नाही आणि दोरी कापतही नाही. पुढच्या बाजूला आडवी जाड फळी हवी, टोकं तिला टेकलेली हवीत. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळायची. रॅचेटचे (खटक्यानं आवळायचे) पट्टे मिळत असतील तर तेच घ्या. बाइंडिंग वायरनं माल बांधणाऱ्याच्या गाडीत बसू नका. ती तार एका झटक्यात तुटते.

पण खरं सांगायचं तर ही सगळी मलमपट्टी आहे. नऊ फुटी हौद्यात वीस फुटी पाइप न्यायचा नाही, कितीही चांगला बांधला तरी. फॅब्रिकेटरकडून आधी कापण्याची यादी घ्या. आमच्या सांगाड्यात सलग वीस फूट लागणारा एकही तुकडा नव्हता. कैच्यांचे (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांचे) बहुतेक तुकडे आठ फुटांच्या आतले होते. आडव्या पट्ट्या दहा-दहा फुटांच्या करता येतात, फक्त जोड कैचीवरच आला पाहिजे आणि आत बाही (जोडाच्या आतून बसणारा छोटा तुकडा) घालून वेल्ड केला पाहिजे. दहा फुटी हौद्याच्या पिकअपही मिळतात, भाडं ठरवतानाच तशी गाडी मागा आणि फाळका लावून माल न्या. कापताना होणारी नासाडी मोजली तरी ती एका वाकलेल्या कॅरियरच्या भरपाईपेक्षा कमीच भरते.

सळईचं गणित वेगळं. ती 12 मीटरची येते आणि दुकानदार मधोमध दुमडून देतो, म्हणजे पुन्हा वीस फूटच झाली. शिवाय वजन भसकन वाढतं. मिलीमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून 162 नं भागा, मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा मिलीमीटरची एक सळई साडेदहा किलोच्या वर जाते, शंभर झाल्या की टनाच्या पुढे. स्लॅबची सळई असेल तर पिकअपचा विचारच सोडा, वीस फुटी हौद्याचा ट्रक करा. ट्रक वाडीत वळणार नाही, हे खरं. दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं), वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा, पुढे पाखाडी (पायऱ्यांची दगडी वाट). तो डांबरी रस्त्यावरच उभा करा आणि माल खांद्यावरून आत न्या. तारांखालून नेताना आडवाच न्या. पाइप उभा करून वळवायचा मोह होतो, तो जीवघेणा आहे.

त्या संध्याकाळी आम्ही जयगडहून मागे फिरलो, राईला आलो आणि राई-भातगाव पुलावरून शास्त्री नदी ओलांडून आबलोलीमार्गे हेदवीला गेलो. शेपटीला लाल दिवा बांधला होता. अंधारात फडकं कोणाला दिसत नाही, दिवाच लागतो. पूल आला तेव्हा मी मोठ्यानं हसलो, टेम्पोवाल्यानं वळून बघितलं. सरळ, सपाट, ओहोटी नाही, भरती नाही! रत्नागिरीहून गुहागर तालुक्यात बांधकामाचं सामान न्यायला हाच रस्ता आहे. चिपळूणवरून जायची गरज नाही आणि जेटीचीही नाही. आतल्या रस्त्याला वळणं आहेत, पण तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे जाता येतं. हे मी आनंदाच्या भरात लिहितोय असं वाटेल, तर वाटू दे. एकदा जाऊन बघा.

पत्रे पुढच्या फेरीत आणले, दहा फुटी गाडीतून, याच पुलावरून. ती फेरी सुखाची झाली. सांगण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. पत्रा घराच्या उतारानुसार मापाचा बनवून मिळतो. आमचा उतार एकोणीस फुटांचा होता, तो दोन तुकड्यांत केला आणि जोडाला फूटभर चढ ठेवली. त्यामुळे दहा फुटांचे पत्रे हौद्यात सपाट मावले. दुसरं, पत्र्यांखाली हवा शिरू देऊ नका. थप्पीच्या पुढच्या कडेवर आडवी फळी टाकून ती दोन्ही बाजूंना आवळा, मधल्या भागावर आणखी एक. थप्पीची पुढची कड उघडी राहिली की सड्यावरचा वारा वरचा पत्रा उचलतो, आणि उडालेला पत्रा म्हणजे पातं असतं. पत्रे आणि पाइप एका फेरीत आणू नका, रंग खरवडून निघतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

आता पैसे. ठरलं होतं साडेचार हजार. हेदवीत उतरल्यावर टेम्पोवाल्यानं सात हजार मागितले: जादा किलोमीटर, थांबल्याचे, कॅरियर वाकल्याचे आणि "आत माल टाकायचं बोलणं नव्हतं" म्हणून हमालीचे. जादा किलोमीटरचे मी दिले. कॅरियरचे दिले नाहीत. जेटीवर गाडी त्यानं घातली होती, मी नाही. रात्री बारा वाजता गडग्याला टेकून हा वाद घालण्यात काही अर्थ नसतो, म्हणून या गोष्टी निघण्यापूर्वी फोनवर लिहून पाठवा: कोणत्या रस्त्यानं जायचं, हौदा किती फुटी, माल हौद्याबाहेर येणार नाही, दोऱ्या-पट्टे कोणाचे, आणि माल रस्त्यावर उतरवायचा की पाखाडी चढून खळ्यात (अंगणात). पाखाडीच्या पायऱ्या किती आहेत तेही लिहा. आमच्या चाळीस आहेत. एवढं कळल्यावर पुढच्या फेरीच्या टेम्पोवाल्यानं आधीच दोन माणसं बरोबर आणली, त्यांची मजुरी तिथल्या तिथे सांगितली आणि तेवढीच घेतली.