पहिलीतला ओढा

दुपारी मोरीच्या कठड्याला टेकून उभा होतो. काम असं काही नव्हतं. ओढ्याला पाणी घोट्याइतकं, आणि तळाच्या वाळूवर काळे गोल ठिपके सरकत होते. थांबायचे, पुन्हा झटक्यात पुढे. कुणाचे ते कळायला नजर वर आणावी लागली. पाण्यावरून चालणारा तो लांबटांग्या किडा. अंग काडीएवढं आणि सावलीत मात्र बूट घातल्यासारखा. त्याचे पाय जिथे पाणी दाबतात तिथे बारीक खळगी पडते, तिच्यातून ऊन वाकडं जातं आणि खाली पायापेक्षा कितीतरी मोठा गोल उमटतो.

लहानपणी आम्ही किडे सोडून या सावल्याच पकडायला जायचो. ओढ्यावर आमच्यात दोन पक्ष होते, धरण बांधणारे आणि धरण फोडणारे. मी बांधणाऱ्यांतला, पण मनातून फितूर. दगड, चिखल, वर गवताचे ठोंब; एवढं करूनही कुठूनतरी एक बारीक धार सुटायची, मग कडेची माती ढासळायची, मग सगळंच. भांडण व्हायचं ते त्यानंतर.

त्या दिवसांत दगड उलटा करून बघायची खोड लागली, ती अजून आहे. खालच्या अंगाला वाळूच्या कणांची एक इवलीशी नळी चिकटलेली असते. घाण समजून नखाने खरवडायला जावं, तर टोकातून डोकं बाहेर येतं. आतली अळी तोंडातून रेशमी धागा काढते, एकेक कण त्याने जोडून घर बांधते आणि ते अंगावर घेऊन फिरते.

म्हणूनच ‘साफ केलेला’ ओढा मला बघवत नाही. पानं उपसलेली, वळणं सरळ केलेली, दोन्ही काठांना काँक्रीट. अहो, ओढ्याचं पोट कुजक्या पानांवर चालतं! पान पडतं, त्यावर बुरशी चढते, आणि बुरशी चढलेलं पानच किड्यांना गोड लागतं. ते कुरतडतात, चुरा वाहत जातो, पुढे जाळी लावून बसलेले तो गाळून खातात. त्यांच्यावर मासे, माशांवर खंड्या. सावलीचीही तीच गोष्ट. 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात फार तर 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशांवर साडेसात. काठची झाडं तोडली की ही वजाबाकी आपोआप होते. दगडांवरून खळखळताना पाणी हवा घेतं, डोहात जरा बसतं, काठात मुरतं आणि उन्हाळ्यात थोडं थोडं परत येतं. सगळी कामं रमतगमत जाण्यात होतात. सरळ केलेला ओढा नुसता पोचतो.

भूगोलात प्रवाहांना क्रमांक देतात. आर्थर स्ट्रॅलर यांच्या पद्धतीत, ज्याला वरून कुणीच येऊन मिळत नाही तो पहिला. दोन पहिले मिळाले की दुसरा, दोन दुसरे मिळाले की तिसरा. ॲमेझॉन अशी बारावीपर्यंत पोचली आहे. गंमत म्हणजे मोठ्या नदीला पहिलीतला ओढा येऊन मिळाला, तर तिचा क्रमांक काही बदलत नाही. शंभर मिळाले तरी नाही. पाणी घेतलं, गाळ घेतला, पानांचा चुरा घेतला, नोंद शून्य. हे मला फार ओळखीचं वाटतं, पण ते असो.

नदीच्या जाळ्याची निम्म्याहून जास्त लांबी या पहिलीतल्यांचीच असते. बुजवायला घेतात तेही आधी यांनाच, कारण बहुतेकांना नावच नसतं आणि बिननावाच्याची तक्रार कोण करणार? पाइपात घातला, वरून रस्ता केला, झालं. आत ऊन नाही, पान नाही. उतार मात्र तोच राहतो. मग एखाद्या रात्री मोठा पाऊस होतो, पाइपाचं तोंड तुंबतं, तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरतं आणि लोक म्हणतात, इथे पूर्वी कधी पाणी येत नव्हतं.

येत होतं. बारा महिने येत होतं.